मुंबई की पुणे? घर हलवण्याआधीचे प्रश्न

मुंबईहून पुण्याला आणि पुण्याहून मुंबईला राहायला जाणाऱ्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. ‘दोन्हींत चांगलं शहर कोणतं’ हा बहुतेकांचा मूळ प्रश्न. त्याला एक उत्तर नाही. कोणत्या घरातून कोणत्या ऑफिसात, किती वाजता आणि कशाने जायचं, हे कळल्याशिवाय तुलना करता येत नाही. म्हणून ज्या पत्रांत हा तपशील आहे, तीच इथे घेतली आहेत.

प्रश्न (डोंबिवली): माझं ऑफिस सीएसएमटीजवळ आहे. हिंजवडी फेज थ्रीमध्ये जवळपास तेवढ्याच पगाराची नोकरी मिळतेय. लोकलच्या गर्दीला कंटाळलो आहे. पुण्यात रोजचा प्रवास सुसह्य होईल का?

उत्तर: घर हिंजवडीच्या बाजूला घेतलंत तर होईल. कोथरूड, सिंहगड रोड किंवा हडपसरला घेतलंत तर होणार नाही.

आजचा हिशेब आधी मांडा. डोंबिवली ते सीएसएमटी ४८ किलोमीटर. फास्ट लोकलने सव्वा तास, त्यात घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस मिळवलं की पावणेदोन तास. गर्दी जीवघेणी आहे, यात शंका नाही. पण लोकलची वेळ ठरलेली असते. अमुक गाडी पकडली की अमुक वाजता ऑफिसात, हे वर्षातले बहुतेक दिवस खरं ठरतं. रविवारचा मेगाब्लॉक आणि पावसाळ्यातले काही दिवस सोडा.

पुण्यात अंतर कमी, पण वेळेचा भरवसा नाही. कोथरूडहून चांदणी चौकमार्गे हिंजवडी अठरा-वीस किलोमीटर. सकाळी सातला निघालात तर अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. तेच पावणेनऊला निघालात तर तास-सव्वा तास लागतो. वाकडचा पूल, भूमकर चौक आणि हिंजवडीतला शिवाजी चौक या तीन ठिकाणी गाड्या तुंबतात, कारण आयटी पार्कात शिरणारे रस्ते मोजके आणि शिफ्ट सुटायची वेळ सगळ्यांची एकच. फेज थ्री तर सगळ्यात आत आहे. शिवाजी चौक पार केला म्हणजे पोचलो, असं तिथे होत नाही. ‘हिंजवडीजवळ’ अशी जाहिरात पाहून रावेत-पुनावळ्यात घर घेणारे इथेच फसतात. तुमच्यासाठी माण, मारुंजी किंवा सूस-नांदे बाजू पाहा. नांद्याहून माणला निघणारी मागची वाट या चौकांना वळसा घालते.

पीएमपीच्या बस आहेत, पण त्याही त्याच कोंडीत अडकतात. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मेट्रोच्या दोन मार्गिका हिंजवडीत जात नाहीत. म्हणजे तुम्हाला स्वतःचं वाहन लागणार, आणि हा खर्च बहुतेक जण धरतच नाहीत. रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याला २२ दिवस, म्हणजे ८८० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ देत असेल तर २० लिटर पेट्रोल, साधारण दोन हजार रुपये. कार कोंडीत लिटरला १३ देते असं धरलं तर ६८ लिटर, म्हणजे सात हजार. लोकलचा सेकंड क्लासचा मासिक पास काही शे रुपयांत येतो. दोघं नोकरी करत असाल आणि दोन दिशांना जायचं असेल, तर हा आकडा दुप्पट करा.

होकार कळवण्यापूर्वी एक काम कराच. मंगळवारी किंवा बुधवारी पुण्यात या. आठवड्यातले काही दिवस घरून काम करणारे याच दिवसांत ऑफिसला येतात, त्यामुळे रस्ता खरा कसा असतो ते कळतं. ज्या सोसायटीत घर बघताय तिच्या फाटकातून पावणेनऊला निघा आणि ऑफिसच्या दारापर्यंत वेळ मोजा. संध्याकाळी साडेसहाला उलट या. शनिवारी दुपारी एजंटच्या गाडीतून काढलेला अंदाज काही उपयोगाचा नाही.

प्रश्न (मुलुंड): आम्ही दोघं निवृत्त आहोत. ४०० फुटांचं घर विकून पुण्यात दोन बेडरूमचं घ्यावं आणि उरलेली रक्कम ठेवीत टाकावी, असा विचार आहे. काय तपासावं?

उत्तर: विचार चांगला आहे आणि बहुतेक वेळा जमतो. मात्र पुण्यात जागा स्वस्त मिळते ती शहराच्या कडेला, आणि कडेला नेमकं पाणी कमी आहे. तिथूनच सुरुवात करा.

पुणे शहराला खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी येतं. पेठा, डेक्कन, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या जुन्या भागांत ते बऱ्यापैकी पोचतं. २०१७ आणि २०२१ मध्ये पालिकेत आलेली गावं आणि बाहेरचा पट्टा, म्हणजे वाघोली, पिसोळी, उंड्री, मांजरी, इथल्या कितीतरी सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात. पिंपरी-चिंचवडची भिस्त पवना धरणावर. तिथे २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी सुरू झालं. मुंबईत सात तलावांचं पाणी ठरावीक तासच येतं, पण टाकी भरून जाते. टँकरचं बिल हा प्रकार तुम्हाला मुलुंडमध्ये फारसा माहीत नसेल.

घर बघायला जाल तेव्हा हॉल आणि गॅलरीच्या आधी बाथरूममध्ये शिरा. नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या भोकांवर पांढरी खपली धरली आहे का पाहा. नखाने खरवडा. खडूसारखी भुकटी निघाली, तर ते बोअरचं जड पाणी. त्याने गिझरचं कॉइल क्षारांनी मढतं आणि जळतं, वॉशिंग मशीन लवकर बिघडतं, डाळ शिजायला वेळ लागतो. मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांची टँकरची बिलं मागा. महिन्याची बेरीज भागिले फ्लॅटची संख्या, हा तुमचा मेंटेनन्सवरचा जादा खर्च. बिलं दाखवायला टाळाटाळ होत असेल, तर ते घर सोडून द्या.

आता जागेचं माप. तुमचे ४०० फूट बहुधा कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, असतील. पुण्यात जुन्या घराच्या विक्रीत अजूनही ‘सेलेबल’ आकडा सांगतात, म्हणजे कार्पेटवर जिना-लॉबीसारख्या सामायिक जागेचा वाटा चढवून. १,००० सेलेबल आणि लोडिंग, म्हणजे कार्पेटवर चढवलेली ही वाढ, ३५ टक्के असेल, तर कार्पेट भरतं ७४०. घरबांधणी प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण महारेरा २०१७ मध्ये आल्यापासून नव्या प्रकल्पांत कार्पेटचाच आकडा द्यावा लागतो. जुन्या घरात मात्र टेप लावून भिंत ते भिंत स्वतः मोजा.

मुद्रांक शुल्क मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ टक्के. ते करारातली किंमत किंवा रेडीरेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर बसतं. ८० लाखांच्या घराला ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलंत तर १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ८० हजार वाचतात. बांधकाम चालू असलेलं घर घेतलंत तर ५ टक्के जीएसटी वेगळा. भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घराला तो नाही. आणि भोगवटा पत्राशिवाय घर घेऊच नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. पालिकेची नळजोडणी, कर्ज, पुढची विक्री, सगळं त्या एका कागदाशी अडतं.

मुलुंडचं घर विकताना सोसायटी हस्तांतरणाचं प्रीमियम म्हणून २५ हजारांहून जास्त मागू शकत नाही. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे सरकारकडे भरायचा कर, कापणारच. त्याचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. विक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत ते झालं नसेल, तर नफ्याची रक्कम बँकेच्या ‘कॅपिटल गेन्स’ खात्यातच ठेवायला हवी. ती साध्या मुदत ठेवीत टाकणं ही सर्रास होणारी आणि महाग पडणारी चूक आहे.

मिळकतकराचाही फरक आहे. मुंबई पालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, म्हणजे तुम्ही आज तो भरत नाही. पुण्यात भरावा लागेल. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे पालिका ४० टक्के सवलत देते, पण ती मिळण्यासाठी पीटी-३ अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. नाही दिला तर पूर्ण बिल येतं.

शेवटी एक कळकळीची सूचना. या वयात बेडरूमच्या संख्येपेक्षा पायी जाता येईल असं औषधांचं दुकान, भाजी, बँक आणि दहा-पंधरा मिनिटांवर मोठं रुग्णालय महत्त्वाचं. मुलुंडमध्ये हे सगळं आयतं हाताशी आहे, म्हणून त्याची किंमत जाणवत नाही. पुण्याच्या कडेच्या टाऊनशिपमध्ये साध्या कोथिंबिरीसाठीही गाडी काढावी लागते, आणि रात्री दोनला रिक्षा मिळत नाही. एरंडवणे, कर्वेनगर, कोथरूड किंवा बिबवेवाडीत लिफ्ट असलेलं लहान घर मिळालं, तर ते बाहेरच्या मोठ्या घरापेक्षा केव्हाही बरं.

प्रश्न (सातारा रोड, पुणे): मुलीला लोअर परळला नोकरी लागली आहे. तिघी मैत्रिणी मिळून ३० हजारांपर्यंतचं घर घेणार आहेत. भाग कोणता निवडावा आणि करारात काय बघावं?

उत्तर: नियम एकच, ऑफिस ज्या लाइनवर त्याच लाइनवर घर. लोअर परळ वेस्टर्नवर आहे आणि सेंट्रलचं करी रोड तिथून पायी जाण्याजोगं आहे, त्यामुळे तिला दोन्ही लाइन चालतील. मात्र दादरला गाडी बदलावी लागेल अशी जागा नको. गर्दीच्या वेळी दादरचा पूल ओलांडायला लागणारी दहा मिनिटं रोजची आहेत. लोअर परळ आणि करी रोडला फास्ट लोकल थांबत नाहीत, हेही धरून चाला. घर ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असेल, तर ती चालत की रिक्षाने हे विचारा. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा नाहीच, तिथे टॅक्सी किंवा बेस्टची बस.

करार ११ महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून देणं ही घरमालकाची जबाबदारी. साध्या नोटरीवर भागवू नका. खर्च फार नाही. भाडं ३० हजार, अनामत १ लाख, मुदत ११ महिने असं धरू. भाड्याची बेरीज ३ लाख ३० हजार. अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज सुमारे ९,२००. दोन्हींच्या बेरजेवर पाव टक्का, म्हणजे साधारण ८५० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी. नोंदणीसाठी लागणारे अंगठ्याचे ठसे घरी येऊन घेतात. तिघींची नावं करारात हवीत. एकीच्याच नावावर केला आणि ती मध्येच सोडून गेली, तर उरलेल्या दोघींना अनामत मागायला आधार राहत नाही. अनामत बँकेतूनच द्या, तिचा व्यवहार क्रमांक करारात घाला. रंगकामाचे पैसे कापणार का, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती, हे लिहून घ्या. एजंट बहुधा एका महिन्याचं भाडं घेतो.

सोसायटीत अविवाहित मुलींना राहू देतात का, हे पैसे देण्याआधी सेक्रेटरींना प्रत्यक्ष विचारा. एजंटच्या ‘काही प्रॉब्लेम नाही’वर विसंबू नका.

घर मे महिन्यात बघत असाल तर पश्चिमेकडची भिंत हाताने दाबून पाहा, कपाटाची मागची फळी वास घेऊन पाहा. कुबट वास किंवा नुकताच मारलेला एकाच भिंतीचा रंग म्हणजे तिथे ओल आहे. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, मुंबईत दोन हजारांच्या वर. जुलैत त्या भिंतीवर बुरशी येणारच. हिंदमाता, सायनचं गांधी मार्केट, अंधेरी सबवे यांच्या आसपास तळमजला तर नकोच.

प्रश्न (चिंचवड): मुंबईची नोकरी, पुण्याचं घर, रोज अप-डाऊन शक्य आहे का?

उत्तर: वर्षानुवर्षं करणारे आहेत, पण रोजचं आम्ही सुचवणार नाही. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला निघते, १९२ किलोमीटर कापून साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते, आणि संध्याकाळी पाचनंतर परत निघते. म्हणजे दिवसाचे साडेसहा तास गाडीत. तुम्हाला चिंचवडला थांबणारी सिंहगड एक्स्प्रेस सोयीची, पण तिच्यासाठी पहाटे उठावं लागेल. आठवड्यातून दोनदा जायचं असेल तर जमतं. तिसरा दिवस वाढला की तब्येतीवर येतं. पावसाळ्यात घाटात दरड आली तर रात्री मुंबईतच मुक्काम, याची सोय आधीच करून ठेवा.

प्रश्न (ठाणे): पुण्याला जाताना कार पुन्हा नोंदवावी लागते का? आणि मुलाची शाळा?

उत्तर: राज्य तेच आहे, त्यामुळे नंबर बदलत नाही, रोड टॅक्सही पुन्हा नाही. पत्ता मात्र ३० दिवसांत आरसीवर बदलून घ्या. भाडेकराराची नोंदणीकृत प्रत पुरावा म्हणून चालते.

शाळेसाठी आधी पुण्यातली जागा पक्की करा, मग जुन्या शाळेतून दाखला काढा. दाखला हातात आल्यावर नव्या शाळेने सरकारी पोर्टलवर मुलाची नोंद आपल्याकडे मागवायची असते आणि जुन्या शाळेने ती मंजूर करायची असते. ही मंजुरी सुट्टीत रेंगाळते, म्हणून ठाणे सोडण्यापूर्वी जुन्या शाळेच्या क्लार्कचा फोन नंबर घेऊन ठेवा.