हेड गॅस्केट बदलून पंधरा दिवस झाले, गाडी परत तापते, गॅरेजवाला हात वर करतोय. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या गॅरेजमध्ये हेड गॅस्केटच्या (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) कामाचे १८,५०० दिले, पंधरा दिवसांत तापमानाचा काटा परत वर गेला आणि आता तो म्हणतोय हा वेगळाच प्रॉब्लेम आहे, परत खोलावं लागेल, पैसे वेगळे. आणि गाडी सरळ दुसरीकडे नेऊ का असं विचारताय. दाखवायला न्या, पण दुसऱ्याला पाना लावू देऊ नका. एकदा दुसऱ्याने हेड उतरवलं की पहिला म्हणायला मोकळा, माझं काम ओके होतं, त्यानेच वाट लावली. मग तुमच्या हातात दाखवायला काहीच राहत नाही.

हे इतकं ठासून सांगतोय कारण मी नेमकं तेच करायला निघालो होतो. आमची वॅगनार, २०११ ची, वडिलांनी घेतलेली. २०२२ च्या मे महिन्यात आईला घेऊन वाईला चाललो होतो आणि खंबाटकीच्या चढाला काटा लालमध्ये गेला. साताऱ्याकडे जाताना घाट चढावाच लागायचा, बोगदा येतानाच्या बाजूला. गाडी कडेला घेतली, बॉनेटखालून वाफ येतेय, शेजारून ट्रक घासून चाललेत आणि आई उन्हात कठड्याला टेकून उभी. सतराच दिवसांपूर्वी मी याच तापण्याच्या तक्रारीचे १६ हजार मोजले होते. तेव्हा जो राग आला ना, तो अजून आठवतो.

गाडी टो करून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गॅरेजला टाकणार होतो, तेवढ्यात बिल्डिंगमधल्या काकांनी अडवलं. ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. म्हणाले, खोलायची नाही, आधी मला बिल दाखव. इंजिन पूर्ण गार होतं म्हणून त्यांनी रेडिएटरचं झाकण काढलं (गरम असताना चुकूनही काढू नका, आतलं पाणी प्रेशरखाली असतं, तोंडावर उडतं). आत गंजलेलं तांबूस पाणी. बिलावर मात्र कूलंट ३ लिटर लिहिलेलं. मग ऑइलचं झाकण काढलं, त्याच्या आतल्या बाजूला चहावरच्या सायीसारखा फिकट थर. नुसत्या झाकणावर असा थर असला तर तो कधी कधी गाडी फक्त जवळच्या अंतरात फिरत असल्यामुळे, आत वाफेचं पाणी धरल्यानेही येतो, म्हणून त्यांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पण काढून बघितली. तिच्यावरही तेच. म्हणजे पाणी ऑइलमध्ये जातंय, गॅस्केट परत गेलंय. मला म्हणाले आता फोटो काढ, बिलासकट, तारीख दिसेल असे.

मग त्यांनी मला जो प्रश्न दिला तो तुम्हालाही देतो. गॅरेजवाल्याला विचारायचं, हेड फेसिंगला कुठे पाठवलं होतं, लेथवाल्याची पावती आहे का? त्याचं असं आहे, हेड ॲल्युमिनियमचं असतं, गाडी एकदा जबर तापली की ते वाकतं, डोळ्याला अजिबात दिसत नाही. वर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून बघावं लागतं आणि वाकलं असेल तर लेथवाल्याकडे देऊन तासून आणावं लागतं, त्यालाच फेसिंग म्हणतात. ते न करता नवीन गॅस्केट टाकलं, कितीही ओरिजिनल असलं, तरी ते बसत नाही, काही दिवसांत परत जातं. शिवाय गॅस्केट मुळात का गेलं हे कुणी शोधलं का? पंखा लागत नव्हता, वॉटर पंप गळत होता, रेडिएटर चोक होता, काहीतरी कारण असणार ना. ते तसंच ठेवून गॅस्केट बदललं तर ते अर्धवटच काम.

आम्ही दोघं गेलो. पहिल्यांदा तो म्हणाला तुम्हीच गाडी तापवली असणार, पाणी बघितलं नसणार. काकांनी आवाज न चढवता लेथच्या पावतीचं विचारलं. थोडा वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, हेड बघितलं होतं, सरळ वाटलं. काका म्हणाले ठीक आहे, आमच्यासमोर खोल. खोललं तर फीलर गेज आरामात आत गेलं आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिनातलं पाणी तापलं की रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) जागी थर्मोस्टॅटच नाही! काढून टाकलेला. हे बऱ्याच ठिकाणी करतात, गाडी तापते ना, मग व्हॉल्व्हच काढा. पण तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो ते इंजिन ठरलेल्या तापमानाला राहावं म्हणूनच, काढला की थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, ॲव्हरेज पडतं आणि तापण्याचं खरं कारण आहे तिथेच राहतं.

शेवटी ठरलं असं की मजुरी, गॅस्केट आणि फेसिंग त्याच्याकडे, थर्मोस्टॅट आणि कूलंटचे पैसे मी द्यायचे. मला ते पटलं कारण हा माणूस चोर नव्हता, त्याने घाई केली होती. कूलंटचं मात्र खोटं लिहिलं होतं, ते मी तोंडावर बोललो आणि त्याने ते पैसे परत केले. बिलाच्या मागे त्याच्याच हाताने लिहून घेतलं, ३ महिने किंवा ५ हजार किलोमीटर. तुम्हीही तोंडी गॅरंटीवर राहू नका, जुने पार्ट पण मागून घ्या.

आता तुमचा माणूस खोलायलाच तयार नसेल तर. आधी व्हॉट्सॲपवर शांतपणे लिहा, अमुक तारखेला काम, अमुक रक्कम, अमुक दिवशी परत तापली, ७ दिवसांत माझ्यासमोर खोलून बघा. फोनवरचं भांडण कुठे दाखवता येत नाही, हे दाखवता येतं. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची एंट्री आहे ना, ती चालते, स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग दुसऱ्या चांगल्या मेकॅनिककडून किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून न खोलता जेवढं बघता येईल तेवढं बघून लेखी घ्या, लेटरहेडवर, शिक्क्यासकट. याला थोडे पैसे गेले तरी जाऊ द्या, नुसतं "गाडी परत तापली" एवढ्यावर काम खराब होतं हे सिद्ध होत नाही.

१९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, तिथे तक्रार घेतात आणि समोरच्याला कळवतात, पण ते मध्यस्थी करतात, हुकूम देऊ शकत नाहीत. हुकूम जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि मुदत २ वर्षांची. ऑनलाइन ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर भरता येते. वेळ जातो हे खरं, म्हणून मी आधी समोरासमोर बसायला सांगतोय. पण बऱ्याचदा नीट तारखा घातलेली नोटीस गेली तरी माणूस बोलायला येतो.

आणि एक, गाडी सध्या त्याच्याकडेच असेल आणि मजुरी बाकी असेल तर तो गाडी अडवून ठेवू शकतो, केलेल्या कामाच्या पैशांपुरता तसा हक्क कायद्यात आहे. तिथे हुज्जत घालू नका, "हरकत ठेवून पैसे देत आहे" असा मेसेज करून पैसे द्या आणि गाडी ताब्यात घ्या.

गाडी तुमच्याकडेच असेल तर आता स्टार्ट करू नका. पाणी टाकून गॅरेजपर्यंत तर जाईल असं वाटतं, पण ऑइलमध्ये पाणी असताना तेवढ्या अंतरात बेअरिंग जातात आणि मग १८ हजारांचं काम थेट इंजिनवर येतं. टो करूनच न्या. गार असताना ऑइलची डिपस्टिक आणि रेडिएटरचं पाणी बघा, फोटो काढा आणि काय दिसलं ते इथे खाली लिहा, मी काकांना दाखवून सांगतो.