लीजमध्ये "बर्फ भाडेकरूने काढायचा" असं लिहिलंय, तर जबाबदारी कोणाची? (कॅनडातलं ओंटारियो, भाड्याचं बेसमेंट)

घरमालकाचीच. नुसत्या त्या एका ओळीने ती तुमच्या गळ्यात पडत नाही.

ओंटारियोच्या २००६ च्या भाडे कायद्यानुसार देखभाल मालकाकडे असते, आणि त्याखालच्या नियमांत सामायिक वाटा, पायऱ्या, ड्राइव्हवे यांवरचा धोकादायक बर्फ हटवणं स्पष्ट लिहिलंय. २००९ मध्ये 'मॉन्टगोमेरी विरुद्ध व्हॅन' खटल्यात अशाच कलमावर वाद झाला. अपील न्यायालयाने ते कलम मालकाला वाचवू शकत नाही असं ठरवलं. मालकाला तुमच्याकडून काम करून घ्यायचंच असेल, तर वेगळा करार हवा, ज्यात काम नेमकं काय आणि मोबदला किती हे असेल. (तरी कायद्यापुढची जबाबदारी त्याचीच राहते.) पूर्ण घर भाड्याने घेतलं असेल तर मामला इतका सरळ नसतो.

बर्फ साचला की मालकाला ईमेलवर कळवत राहा. फोनवरचं बोलणं नंतर कोणाला आठवत नाही. आणि देव न करो, पण घसरून पडलात तर आधी फोटो काढा, बर्फ साक्षीला थांबत नाही. २०२१ पासून अशा दुखापतीची लेखी नोटीस ६० दिवसांत द्यावी लागते, तारीख, वेळ, जागेसकट.