‘ओके’ रिपोर्ट हातात असूनही फॅक्स ‘मिळाला नाही’ म्हणतात तेव्हा

फॅक्स पाठवल्यावर यंत्र छापते त्या रिपोर्टवर ‘ओके’ येते, तरी समोरचे कार्यालय कागद आलेच नाहीत म्हणते, हे आपले गाऱ्हाणे वाचून मला २००६ सालचे चार दिवस आठवले. ईसीएम (एरर करेक्शन मोड), हेडर आणि मेमरी रिसेप्शन म्हणजे काय, असे आपण विचारले आहे. मला ते शब्द नुकसान सोसल्यावरच कळले.

वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी विम्याची कॅशलेस मंजुरी मिळावी म्हणून मी एसटीडी बूथवरून पाच पाने पाठवली आणि ओके रिपोर्ट खिशात घालून निश्चिंत झालो. विमा कार्यालय मात्र चार दिवस ‘काही आलेले नाही’ एवढेच सांगत राहिले आणि तोवर अनामत रक्कम मला रोखीने भरावी लागली. शेवटी मी स्वतः तेथे गेलो आणि बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांच्या यंत्रातून आवक फॅक्सची नोंद छापून घेतली. वेळ आणि पानांची संख्या तंतोतंत जुळली. पाने मात्र कोरी होती. आमच्या कचेरीतील यंत्रात छापील बाजू खाली लावत असत, बूथवरच्या यंत्रात ती वर हवी होती. पाने घालायच्या फीडरवरचे छोटे चित्र मी पाहिलेच नाही.

ईसीएममध्ये पानाची माहिती तुकड्यांनी जाते आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. पानावर काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, त्यामुळे कोरे पानही निर्दोष पोहोचते. हेडर म्हणजे पानाच्या माथ्यावर उमटणारी पाठवणाऱ्याच्या क्रमांकाची ओळ. बूथवाल्याने ती भरलेलीच नव्हती, म्हणून त्या पानांना धनी नव्हता. तरीही पाच कोरी पाने आल्यावर कोणालाच काही वाटू नये, याचा राग मला आजही येतो.

मी तंत्रज्ञ नाही आणि प्रत्येक यंत्राचा मेनू वेगळा असतो. तरी माझ्या मते पहिल्या पानाची प्रतिमा छापणारा रिपोर्टच चालू ठेवावा. बहुतेक यंत्रांत त्यासाठी पाने आधी मेमरीत घ्यावी लागतात. रिपोर्टवरचा कालावधीही पाहावा: कोरे पान झटकन जाते, आणि माझी पाच पाने जेमतेम मिनिटभरात गेली होती, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

आपल्या बाबतीत मेमरी रिसेप्शनचीही शक्यता आहे. समोरच्या यंत्रातला कागद संपला तरी ते पाने मेमरीत घेऊन ओके कळवते आणि काही यंत्रांत वीज गेली की ती पुसली जातात. बारीक अक्षरांसाठी ‘फाइन’ निवडावे. त्यात उभ्या दिशेने मिलिमीटरला ३.८५ ऐवजी ७.७ रेषा मिळतात. फोन फायबरवर गेला असेल तर सुपर जी-३ (फॅक्सची जलद पद्धत) बंद करून वेग सेकंदाला ९६०० बिट्सवर आणून पाहावा. रिपोर्ट थर्मल कागदावर असेल तर त्याची झेरॉक्स काढून ठेवावी, कारण माझा मूळ रिपोर्ट तक्रारीच्या सुनावणीपर्यंत पार पुसट झाला होता.