जुन्या पीसीवर डॉसला, म्हणजे तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमला, वगळून हार्डडिस्कला थेट हात कसा लावायचे? लो-लेव्हल फॉरमॅटने, म्हणजे तबकडीवरचे ट्रॅक-सेक्टर नव्याने आखून, डिस्क खरंच मोठी व्हायची का?

व्हायची. २० एमबीची ३० व्हायची. ज्यांना ही थाप वाटते त्यांनी डॉसबरोबर येणाऱ्या डीबग प्रोग्राममध्ये जी=सी८००:५ कधी टाइप केलेलं नाही, एवढंच.

आमच्याकडे सांगलीला १९८९ च्या सुमारास घरात एक्सटी (आयबीएम घराण्यातला जुना पीसी) होती, निम्मे पैसे दाजींचे. एका पतसंस्थेच्या खतावण्यांचं जॉबवर्क चालायचं. डिस्क सीगेटची एसटी-२२५, म्हणजे ६१५ सिलिंडर (एकाखाली एक येणाऱ्या ट्रॅकचे गट), ४ हेड (वाचणारी-लिहिणारी टोकं), ट्रॅकला, म्हणजे तबकडीवरच्या एका गोल रेघेला, १७ सेक्टर (तुकडे). ती भरली. दाजी म्हणाले नवीन घेऊ, मी म्हटलं थांबा, आधी कार्ड बदलून बघू. कारण तेव्हाच्या डिस्कला स्वतःची अक्कल नसायची, सगळी अक्कल कंट्रोलर कार्डात. एमएफएम कार्ड ट्रॅकवर १७ सेक्टर बसवतं, आरएलएल कार्ड त्याच ट्रॅकवर २६. तबकडी तीच, फक्त बिट लिहायची पद्धत बदलते.

सगळा डेटा ३६० केच्या फ्लॉप्यांवर काढला, डिस्कच्या लेबलवरची खराब ट्रॅकची यादी वहीत उतरवली, कार्ड बसवलं आणि मशीन अर्धा तास नुसतंच चालू ठेवलं. दाजी विचारतायत वीज का जाळतोयस. अहो, हिचं हेड ठरावीक पावलं टाकणाऱ्या स्टेपर मोटरवर चालतं, डिस्क तापली की ट्रॅक हेडखालून जरासे सरकतात, थंड डिस्कवर फॉरमॅट मारला की दुपारी वाचताना बोंब. मग डीबग. त्या पत्त्यावर कार्डाच्या रॉममधला, म्हणजे कायमच्या चिपमधला, प्रोग्राम असतो, उडी थेट त्यात, डॉसला पत्ताच नाही. तो इंटरलीव्ह विचारतो, म्हणजे क्रमाने पुढचा सेक्टर ट्रॅकवर कितव्या घरात ठेवायचा, मी ३ दिला. लोक हुशारी करून १ द्यायचे आणि मग मशीन स्लो म्हणून रडायचे. एक सेक्टर वाचून एक्सटी तो पोटात घालेपर्यंत पुढचा सेक्टर हेडखालून निघून जातो, मग एसटी चुकल्यासारखं पुढच्या फेरीपर्यंत थांबा, म्हणजे पूर्ण एक चक्कर, जवळजवळ १७ मिलिसेकंद, प्रत्येक सेक्टरला. शेवटी खराब ट्रॅक एकेक करून हाताने भरले, एफडिस्कने पार्टिशन (डिस्कचा भाग) पाडलं, डॉसचा फॉरमॅट, आणि ३१ एमबीच्या वर जागा. डॉस ३.३ ची पार्टिशनची मर्यादा ३२, म्हणजे एकाच सी ड्राइव्हमध्ये सगळं बसलं. दाजी गप्प.

पुढे बऱ्याच काळाने ती डिस्क गेली आणि तेव्हापासून आजतागायत प्रत्येक लग्नाकार्यात ऐकतोय, "ह्याने खेळ केला म्हणून डिस्क गेली." एसटी-२२५ चं हेड आपोआप पार्क होत नाही, म्हणजे डेटापासून दूर जाऊन थांबत नाही, पार्कची कमांड द्यावी लागते. ती न देता भिंतीवरचं बटण खटकन बंद करायची सवय कोणाला होती हे अक्काला विचारा. आरएलएलमुळे तबकडी झिजत नाही. तबकडीवरच्या चुंबकीय दिशेच्या पलट्यांमधलं कमीत कमी अंतर एमएफएमइतकंच असतं, फक्त पलटी नेमकी कधी आली हे ओळखायची वेळेची खिडकी बारीक होते.

आता खरं सांगायचं तर त्या बारीक खिडकीमुळेच काही डिस्क काही महिन्यांनी एरर द्यायच्या. आरएलएलसाठी पास केलेली एसटी-२३८आर वेगळी मिळायची, २२५ वर हे सगळं आपल्या जबाबदारीवर. आजच्या डिस्कवर यातलं काहीच चालणार नाही, ट्रॅक कारखान्यातच आखून येतात, एसएसडीत तर ट्रॅकच नाहीत. फ्लॉपीचं विचारत असाल तर इंट १३ (बायोसची डिस्क हाताळणारी सेवा) वाचा, ती वेगळी कथा.

आणि कोणताही फॉरमॅट मारायच्या आधी बॅकअप घ्या. डिस्क गेली त्या दिवशी पतसंस्थेची एकही खतावणी बुडाली नाही, सगळं फ्लॉप्यांवर होतं, रोज संध्याकाळी मीच काढायचो. दाजी तेवढं सोडून बाकी सगळं सांगतात.