पंधरवड्याचं इंजेक्शन
काउंटरवरून : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी 44 वर्षांची, बार्शीची. घरी शिवणकाम करते, म्हणजे करत होते. सहा वर्षांपासून आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे. मेथोट्रेक्सेट, त्यावर आणखी दोन गोळ्या, अधूनमधून स्टिरॉइड, सगळं झालं. फेब्रुवारीत सोलापूरच्या डॉक्टरांनी ॲडालिम्युमॅबची इंजेक्शनं सुरू केली, दर पंधरा दिवसांनी एक. फरक खूप आहे. आता सकाळी माझी वेणी मी घालते. पण एका इंजेक्शनला 9,000 रुपये पडतात. मिस्टर सूतगिरणीत आहेत, भिशीचा नंबर लागला तो यातच गेला. धाकटे दीर म्हणतात, बरं वाटतंय तर महिन्याला एकच घ्या. मागचं इंजेक्शन मी कुणाला न सांगता पाच दिवस उशिरा घेतलं. आतापर्यंत शेजारच्या सिस्टर टोचून देत होत्या, त्यांची आता बदली झाली. स्वतः घ्यायचं तर उजव्या हाताच्या बोटांनी दट्ट्या दाबवत नाही. शिवाय आमच्याकडे लाइट चार-चार तास जाते. काय करू?
– सौ. र. क., बार्शी

उत्तर : तुमचं वेणीचं वाक्य मी दोनदा वाचलं. ज्यांची बोटं सकाळी उघडतात त्यांना ते कळायचं नाही. मला कळतं, कारण 2011 पासून हाच आजार माझ्याही घरात आहे, म्हणजे माझ्याच अंगात. वाईत मेडिकल चालवते, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंना मीच. डॉक्टर मात्र नाही, हे धरून वाचा.

पाच दिवस उशिरा घेतलंत म्हणून जीव टांगणीला लावू नका. पुढचं कोणत्या तारखेला घ्यायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि फोन केलाच आहे तर पैशाचंही बोला. मला तुम्हाला खरं सांगायचंय ते हेच.

आपल्याकडे लोक डॉक्टरांसमोर मासिक पाळीबद्दल बोलतील, पण पैशाचं बोलायची लाज. मग काय होतं ते मी काउंटरवरून बघते. दर दुसऱ्या मंगळवारी येणारी बाई तिसऱ्या मंगळवारी येऊ लागते, मग महिन्याने. डॉक्टरांच्या कागदावर मात्र ‘दर 2 आठवड्यांनी’ तसंच राहतं. तीन-चार महिन्यांनी सांधे सुजले की डॉक्टर म्हणतात, हे औषध लागू पडेना, बदलू या. आणि पुढचं औषध बहुधा आणखी महाग. औषध हरलेलंच नसतं, निम्मं घेतलेलं असतं. पण ते कागदावर कुठे आहे? शिवाय असं धरत-सोडत घेतलं की शरीर या औषधाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करण्याची शक्यता वाढते, मग पुढे पूर्ण डोस घेऊनही गुण कमी येतो. मेथोट्रेक्सेट सोबत चालू ठेवतात त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा ‘इंजेक्शन घेतेय तर गोळ्या कशाला’ असं दिरांनी पुढच्या खेपेला सुचवलं तर तेही ऐकू नका.

अंतर वाढवता येतच नाही असं नाही. आजार निदान सहा महिने पूर्ण शांत असेल, तोही स्टिरॉइडशिवाय, तर डॉक्टर स्वतःच अंतर वाढवून बघतात. मधे रक्त तपासतात, सांधे दाबून बघतात, दुखणं उलटलं तर पुन्हा मागे येतात. तुम्हाला अजून सहा महिनेही झालेले नाहीत. पण आजच सांगून ठेवा, “डॉक्टर, हे मला वर्षभर झेपणार नाही.” हे कळलं की त्यांना वेगळा विचार करता येतो.

आता हिशेब. पंधरवड्याला एक म्हणजे महिन्याला दोन, असं आपण धरतो आणि फसतो. वार धरून मोजा. वर्षाचे 52 आठवडे, म्हणजे 26 इंजेक्शनं. 9,000 प्रमाणे 2,34,000 रुपये. वर्षातल्या दोन महिन्यांत तीन इंजेक्शनं येतात, आणि नेमके तेच महिने कंबर मोडतात. कॅलेंडरवर आजच वर्षभराच्या तारखांना गोल करा. तिनाचे महिने कुठले ते आधी दिसलं तर भिशीचा नंबर त्या महिन्यात मागून घेता येतो. मी बचत गटातून याच महिन्यांसाठी कर्ज काढलेलं आहे.

दराचं माझ्याच धंद्याविरुद्ध सांगते. खोक्यावर छापलेला आकडा ही वरची मर्यादा असते, विकायचा भाव नव्हे. या इंजेक्शनांच्या छापील आणि खऱ्या भावात पुष्कळदा मोठी फट असते. ॲडालिम्युमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाची बरोबरी करणारी आवृत्ती, आपल्याच देशात आली. डिसेंबर 2014 मध्ये झायडस कॅडिलाने ‘एक्झेम्प्शिया’ बाजारात आणलं, साधारण 200 डॉलरला एक, मूळ औषधाच्या अमेरिकेतल्या दराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. त्यानंतर इतर भारतीय कंपन्याही उतरल्या. तेव्हा डॉक्टरांना विचारा, यातलं दुसऱ्या कंपनीचं चालेल का? ते हो म्हणाले तरच, आणि त्यांनी नाव लिहून दिल्यावरच, तीन ठिकाणी भाव काढा : तुमचं मेडिकल, सोलापूरच्या मोठ्या हॉस्पिटलचं मेडिकल आणि एखादा होलसेलवाला. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजनाही असतात, अमुक इंजेक्शनं घेतल्यावर एखादं मोफत अशा धर्तीच्या. त्या जाहिरातीत दिसत नाहीत. डॉक्टरांच्या रिसेप्शनवरच्या मुलीला त्या पाठ असतात, तिला विचारा. पण व्हॉट्सॲपवर कुणी निम्म्या दरात देतो म्हणाला तर दूर राहा. बॅच नंबर असलेलं बिल नाही आणि थंड ठेवल्याची खात्री नाही, तर ते इंजेक्शन फुकटही महाग.

आणखी एक. मिस्टर सूतगिरणीत आहेत ना? त्यांची पगाराची चिठ्ठी काढा आणि ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, कपात दिसते का बघा. 21,000 पर्यंत पगार असलेल्यांची 0.75 टक्के कपात होते, रक्कम इतकी छोटी असते की लक्षच जात नाही. ती होत असेल तर तुम्हीही कुटुंबीय म्हणून उपचारांच्या हक्कदार आहात. सोलापूरला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. तज्ज्ञाचं पत्र, जुने रिपोर्ट, आधीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या असं सगळं एका फायलीत लावून तिथे जा. फेऱ्या पडतील. पण वर्षाला सव्वादोन लाखांचा प्रश्न आहे, चार फेऱ्या स्वस्त.

टोचण्याचं त्यामानाने सोपं आहे. पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, ओट्याला पाठ टेकून बसले होते. टोपण ओढलं, सुईच्या टोकावर एक थेंब चमकला, आणि मला वाटलं औषध वाया चाललं. तो थेंब येतोच. हात मात्र माझाही थांबला होता, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. तेव्हापासून कुकरच माझं घड्याळ. कुकर लावला की इंजेक्शन फ्रिजमधून काढायचं, कुकर पडला की घ्यायचं. तेवढ्या वेळात त्याचा गारठा जातो आणि झोंबतं कमी. गरम पाण्यात किंवा उन्हात मात्र ठेवायचं नाही. औषध गढूळ तर झालं नाही ना, ते उजेडात बघायचं. मग मांडीचा वरचा भाग, किंवा बेंबीपासून दोन इंच लांब पोट. स्पिरिटचा बोळा फिरवून जागा पूर्ण वाळू द्या, घाई केली तर स्पिरिटच जास्त झोंबतं. चिमूट धरा, सुई तिरकी, साधारण 45 अंशांत आत, मग सावकाश दट्ट्या शेवटपर्यंत. नंतर चोळायचं नाही. पुढच्या वेळी जागा बदलायची, मी डाव्या-उजव्या मांडीची नोंद त्याच कॅलेंडरवर करते.

तुमची बोटं दाब देत नाहीत, त्यावर दोन वाटा. एक, तुमच्या औषधात पेन, म्हणजे पेनासारखं आपोआप टोचणारं इंजेक्शन, मिळतं का विचारा. पेन मांडीवर काटकोनात टेकवून दाबायचं असतं, मूठ पुरते, बोटं लागत नाहीत. दुसरी वाट जास्त साधी : मिस्टरांना शिकवा. पुढच्या खेपेला त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांच्या नर्ससमोर त्यांच्याकडूनच टोचून घ्या. सूतगिरणीत तुटला धागा जोडणाऱ्या हाताला हे जड नाही. माझे मिस्टर पहिल्या वेळी माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाले होते, ते सोडा.

लाइटचं. ही इंजेक्शनं 2 ते 8 अंशांत ठेवायची असतात. चार तास लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज तेवढा वेळ तग धरतो. माहितीपत्रकात ‘25 अंशांपर्यंत बाहेर इतके दिवस चालेल’ असं लिहिलेलं असतं, पण ते तापमान म्हणजे बार्शीतली मे महिन्यातली खोली नव्हे, आणि माठाशेजारची जागाही नव्हे. सोलापूरहून एसटीने आणताना थर्मासच्या डब्यात बर्फाचा पॅक घ्या, मधे टॉवेलची घडी, खोकं बर्फाला थेट लागता कामा नये. कारण गरमीइतकंच गोठणंही वाईट. 2016 च्या दिवाळीत फराळाचे डबे कोंबताना माझं इंजेक्शन मागे, फ्रीझरच्या ट्रेखाली ढकललं गेलं. भाऊबीजेला काढलं तर आत बर्फ. विरघळल्यावर हुबेहूब आधीसारखं दिसत होतं, तरी टाकावं लागलं. गोठलेलं हे औषध वापरायचं नसतं, हे गिऱ्हाइकांना रोज बजावणारी मीच. तेव्हा मधला कप्पा, खोक्यासकट, दारात नाही.

वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका. फ्लोअर क्लीनरच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, भरली की दवाखान्यात द्या. घंटागाडीत मोकळी टाकलीत तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटात जाते.

एक विचारायचं राहिलं. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाली असेलच. तरी ताप आला, जखम चिघळली, कुठलं अँटिबायोटिक चालू झालं, तर त्या वेळचं इंजेक्शन थांबवून आधी डॉक्टरांना फोन. खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा वजन उतरायला लागलं तर फोनवर भागवू नका, जाऊन दाखवा.

प्रश्न : आईला (वय 67) आमवात आहे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी मळमळतं आणि गुणही अर्धवट. आता महागडी इंजेक्शनं सुचवली आहेत. मेडिक्लेम आहे, मिळेल का? करात तरी सूट?
– एक मुलगा, नाशिक

उत्तर : आधी उलट विचारते. मेथोट्रेक्सेटचंच इंजेक्शन देऊन बघितलं का? तेच औषध आहे, कातडीखाली आठवड्यातून एकदा. मोठ्या डोसला गोळीपेक्षा जास्त अंगी लागतं आणि मळमळ पुष्कळांची कमी होते. दर त्या महागड्या इंजेक्शनांच्या जवळपासही नाही. दुसरं, मेथोट्रेक्सेट, सल्फासालाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही तीन जुनी औषधं एकत्र. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एकट्या मेथोट्रेक्सेटने भागत नव्हतं अशा रुग्णांमध्ये हे त्रिकूट इटॅनरसेप्ट हे महागडं इंजेक्शन अधिक मेथोट्रेक्सेट यांच्यापेक्षा कमी पडलं नाही. आईला यातलं काही का चालणार नाही याला कारणही असू शकेल, लिव्हर, किडनी, डोळे. पण विचारा. मुंबईला येणं जमत असेल तर परळच्या केईएममध्ये संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे, दुसरं मत तिथे घेता येईल.

मेडिक्लेमचं : विमा नियामकाने 2019 मध्ये ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळू नये म्हणून सांगितलं, त्यांत मोनोक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे ॲडालिम्युमॅबच्या जातीची, इंजेक्शनं आहेत. पण अडतं ते ‘घरी’ या शब्दावर. ॲडमिट नाही, डे-केअर नाही, मग हा ओपीडीचा खर्च, असं उत्तर येतं. पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का बघा आणि कंपनीकडून उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या ‘हो सर’ला अर्थ नाही. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर सूट देणारं करातलं 80डीडीबी कलम लोक आशेने उघडतात, त्या यादीत आमवात नाही. ज्येष्ठ पालकांचा विमाच नसेल तर 80डीखाली औषधोपचाराचा 50,000 पर्यंतचा खर्च जुन्या करप्रणालीत दाखवता येतो. तुमच्या आईंचा विमा आहे, म्हणजे तेही नाही.

आणि मेथोट्रेक्सेट, गोळी असो की इंजेक्शन, आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेततं, आणि अशी चूक घराघरांत होते, कारण बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. मी पाकिटावर मार्करने वार लिहून देते. ‘आठवड्यातून एकदा’ असं लिहीत नाही, सरळ ‘गुरुवार’. आणि सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी त्या दिवशी नाही. आईंच्या डब्यातून मेथोट्रेक्सेटचं पाकीट आजच वेगळं काढा.