राबाचा कोळसा जातो कुठे?

प्रश्न : मृगाआधी कवळं (झाडांच्या तोडलेल्या फांद्या), शेण, पालापाचोळा पसरून आम्ही राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजतो. पहिला मोठा पाऊस पडला की पऱ्याला (ओढ्याला) काळं पाणी येतं, चार दिवसांत निवळतं. सगळा कोळसा तेवढ्यातच अर्जुना नदीतून समुद्रात जातो का?
– एक शेतकरी, राजापूर तालुका

उत्तर : नाही. पाणी निवळल्यावर खरी गंमत सुरू होते. काळं दिसतं ती राख आणि कोळशाची भुकटी. त्यातली थोडी वाटेत गाळात बसते, बाकीची पुढे जाते. पण काही कोळसा शेतातच राहतो, आणि तो हळूहळू पाण्यात विरघळून जातो.

कोळसा कसला विरघळतोय, असं मीही म्हणत होतो. चुलीतला तुकडा आठवडाभर बरणीत भिजवला, फडक्यातून गाळला, पाणी नितळ! अर्थात नितळ पाण्यावरून काही ठरत नाही, विरघळलेलं डोळ्यांना कुठे दिसतं! पण ताजा कोळसा पाण्याला फारशी दाद देत नाही, हे खरं. मातीत मात्र वर्षानुवर्षं हवा आणि जीवाणू त्याला कुरतडतात, ऑक्सिजन त्याच्या कडांना चिकटतो, मग त्याचे रेणू सुटे होऊन पाण्यात उतरतात.

ब्राझीलच्या पाराइबा दो सुल नदीचं उदाहरण मला फार आवडतं. तिच्या खोऱ्यातलं अटलांटिक जंगल माणसांनी तोडून, जाळून जवळजवळ संपवलं. ही मोठी जाळपोळ 1973 मध्ये थांबली. तरी 1997 ते 2008 या काळातल्या मोजणीत दर पावसाळ्यात नदीच्या पाण्यात विरघळलेला कोळसा सापडत राहिला. अंदाज निघाला वर्षाला 2,700 टनांचा. जंगल गेलं, आग विझली, कोळसा अजून उतरतोच आहे. तुमच्या श्रावणातल्या नितळ पऱ्यातही आजोबांच्या वेळच्या राबाचा अंश असणार. तो डोळ्यांना दिसत नाही; प्रयोगशाळेत नायट्रिक आम्लात तापवून त्याचे तुकडे मोजावे लागतात.

जगभरच्या नद्या असा विरघळलेला कोळसा वर्षाला किती नेतात? 2013 चा अंदाज साधारण 2 कोटी 65 लाख टनांचा होता, 2020 मध्ये तो 1 कोटी 80 लाखांवर आला.

समुद्रात पोचल्यावर मात्र घोळ आहे. कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण पाहिलं, तर नदीतल्या आणि खोल समुद्रातल्या विरघळलेल्या कोळशाचं जुळत नाही, असं 2019 मध्ये दिसलं. म्हणजे नदीने आणलेला माल दारातच कुठेतरी गळतो. ऊन त्याला मोडतं, एवढं प्रयोगांत दिसलंय; पण सगळी गळती त्याच्याच माथी मारायला मी अजून तयार नाही.