अ‍ॅक्सिलरेटरमधला ऑसिलोस्कोप दुरून कसा चालवतात?

जळगावच्या लॅबमध्ये आपण स्कोपची, म्हणजे विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची, बटणं हाताने फिरवतो, मग अ‍ॅक्सिलरेटरमध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) कोण फिरवतं, असं तुम्ही विचारलंय. सहसा कोणीच नाही. स्कोप लॅनला जोडून त्याला एससीपीआय या मोजमापाच्या उपकरणांसाठी ठरलेल्या भाषेतल्या साध्या मजकुरी आज्ञा पाठवतात. '*आयडीएन?' विचारलं की तो कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर सांगतो. बऱ्याच ठिकाणी याच्या वर एपिक्स असतं, म्हणजे सगळी उपकरणं दुरून चालवायचं सॉफ्टवेअर. त्यातला आयओसी नावाचा प्रोग्रॅम स्कोपशी बोलतो आणि ट्रिगर (सिग्नल केव्हा पकडायचा), टाइमबेस (आडव्या अक्षावरचा वेळ), वेव्हफॉर्म (पकडलेल्या सिग्नलचा आलेख) यांना एकेक नाव देऊन नेटवर्कवर मांडतो. डोकेदुखी वेव्हफॉर्मचीच. वेव्हफॉर्म म्हणजे आकड्यांची लांब रांग, अ‍ॅरे; जुन्या एपिक्समध्ये या अ‍ॅरेची मर्यादा मुळात १६३८४ बाइट; ती वाढवायची राहिली की लांब वेव्हफॉर्म येतच नाही आणि माणूस केबल तपासत बसतो!

आपल्याला जवळचं असं यंत्र म्हणजे इंदूरचा इंडस-२ अ‍ॅक्सिलरेटर, धुळ्याहून आग्रा रोडने सरळ. तिथे जाल तोवर कॉलेजच्या स्कोपला मागे लॅन पोर्ट आहे का बघा.